लॅपटॉप घ्यायचा आहे, पण ब्रँड कोणता? इंद्रलोक, नया नगर आणि मीरा-भाईंदरच्या पालकांसाठी संपूर्ण माहिती

दहावी-बारावीचे निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की शाळेत आमच्याकडे पालकांचा एकच प्रश्न येतो, "सर, लॅपटॉप कोणत्या कंपनीचा घेऊ? टिकला पाहिजे." प्रश्न साधा वाटतो. पण इंद्रलोकमधल्या वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्या, रिक्षा किंवा दुकान चालवणाऱ्या, किंवा वडील आखातात आणि आई एकटी घर सांभाळते अशा कुटुंबासाठी हा खर्च लहान नाही. वर्षभर भिशी भरून जमवलेले पैसे एका वस्तूत जातात. त्या एकाच लॅपटॉपवर मोठीची इंजिनिअरिंगची असाइनमेंट, मधल्याचे सीईटीचे मॉक टेस्ट आणि धाकट्याचा अभ्यास चालतो. तो सहा महिन्यांत बंद पडला तर तिघांचे नुकसान होते. म्हणून एकेकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा सगळी माहिती एकत्र मांडत आहोत.

"चांगला ब्रँड" म्हणजे नेमके काय?

आधी एक गैरसमज दूर करू. दुकानात ज्या कंपन्यांची नावे दिसतात, त्यांतील बहुतेकांचे लॅपटॉप दुसऱ्याच कंपन्या बनवून देतात. क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक या तैवानच्या कंपन्या एकाच वेळी अनेक ब्रँडसाठी माल तयार करतात. आतले प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचे असतात. रॅम, एसएसडी, स्क्रीन बनवणाऱ्या कंपन्याही मोजक्याच आहेत.

म्हणून एका पार्टमध्ये दोष निघाला की अनेक ब्रँड एकदम अडचणीत येतात. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या बॅटऱ्या तापून पेट घेऊ लागल्या. तेव्हा डेलला सुमारे ४१ लाख आणि ॲपलला सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या. महाग वस्तूत दोष नसतो हेही खरे नाही. ॲपलने २०१५ पासून मॅकबुकमध्ये जो पातळ "बटरफ्लाय" कीबोर्ड दिला, त्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली.

मग ब्रँड बघायचा कशासाठी? तीन गोष्टींसाठी. बिघाड झाल्यावर माणूस घरी येतो का, पार्ट मिळतात का, आणि चार-पाच वर्षांनंतर ती कंपनी या धंद्यात असेल का. तिसरा मुद्दा लोक विसरतात. सोनीचे वायो लॅपटॉप एकेकाळी शान समजले जायचे, पण २०१४ मध्ये सोनीने तो व्यवसायच विकला. तोशिबाने २०२० मध्ये लॅपटॉपमधून पूर्ण काढता पाय घेतला. त्यामुळे नवीन नावाचा, कमी किमतीचा, जाहिरातीत चमकणारा लॅपटॉप दिसला तर सर्व्हिसची चौकशी आधी करा, मग किंमत बघा.

बाजारातील मुख्य कंपन्या

*एचपी* – अमेरिकन कंपनी, स्थापना १९३९. २०१५ मध्ये तिचे दोन भाग झाले. लॅपटॉप आणि प्रिंटर एचपी इंक या भागाकडे आहेत.

*डेल* – १९८४ मध्ये मायकल डेल यांनी टेक्सासमध्ये सुरू केली. घरी येऊन दुरुस्ती करण्याच्या सेवेसाठी ऑफिसवाल्यांमध्ये प्रसिद्ध.

*लेनोवो* – १९८४ मध्ये बीजिंगमध्ये सुरू झालेली चिनी कंपनी. २००५ मध्ये तिने आयबीएमचा पीसी व्यवसाय घेतला आणि १९९२ पासून चालत आलेले थिंकपॅड तिच्याकडे आले.

*एसर आणि एसुस* – दोन्ही तैवानच्या. एसर १९७६ ची, एसुस १९८९ ची. कमी आणि मध्यम बजेटमध्ये दोघांचे पर्याय भरपूर.

*ॲपल* – मॅकबुक. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हापासून मॅकबुक एअरची बॅटरी आणि वेग दोन्ही फार सुधारले. दुरुस्ती मात्र महाग आणि रॅम नंतर वाढवता येत नाही.

या सगळ्यांचे भारतात सर्व्हिसचे जाळे आहे. एमएसआयसारख्या कंपन्या गेमिंगसाठी ओळखल्या जातात, साध्या अभ्यासासाठी तिकडे जायची गरज नाही.

ब्रँडपेक्षा मालिका महत्त्वाची

आमच्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. एकाच कंपनीचा एक लॅपटॉप सात वर्षे चालतो आणि दुसऱ्याचे बिजागर दोन वर्षांत तुटते. कारण कंपनी एक असली तरी मालिका वेगळी असते.

प्रत्येक कंपनीची एक घरगुती मालिका असते आणि एक ऑफिससाठीची. एचपीमध्ये पॅव्हिलियन घरगुती, तर प्रोबुक आणि एलिटबुक ऑफिसचे. लेनोवोत आयडियापॅड घरगुती, थिंकबुक आणि थिंकपॅड ऑफिसचे. एसुसमध्ये व्हिवोबुक घरगुती, एक्सपर्टबुक ऑफिसचे. एसरमध्ये ॲस्पायर आणि ट्रॅव्हलमेट. डेलमध्ये वर्षानुवर्षे इन्स्पिरॉन घरगुती आणि लॅटिट्यूड ऑफिसचे असे चालले. २०२५ पासून कंपनीने नावे बदलून नुसते "डेल", "डेल प्रो" आणि "डेल प्रो मॅक्स" अशी केली. दुकानात जुना साठा असेल तर दोन्ही नावे दिसतील, गोंधळून जाऊ नका.

ऑफिसच्या मालिकेत दिसायला चमक कमी असते, पण बॉडी आणि बिजागर मजबूत असतात, पार्ट जास्त वर्षे मिळतात आणि उघडून दुरुस्त करणे सोपे जाते. बजेट जुळत असेल तर रंग-रूप सोडा आणि या मालिकेतला सर्वात साधा लॅपटॉप घ्या.

जाहिरातीत "मिलिटरी ग्रेड" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ अमेरिकन लष्कराच्या मानकातील काही चाचण्या कंपनीने केल्या एवढाच. कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते. लॅपटॉप पडला किंवा त्यावर चहा सांडला तर वॉरंटी मिळेल असा त्याचा अर्थ नाही.

आत काय असावे?

*रॅम:* साध्या अभ्यासाला, वर्ड-एक्सेल आणि ऑनलाइन क्लासला ८ जीबी चालते. इंजिनिअरिंग, डिझाइन, प्रोग्रामिंगसाठी १६ जीबी घ्या. दुकानदाराला हमखास विचारा, "रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे की वाढवता येते?" जादा स्लॉट असेल तर आज ८ घेऊन पुढे वाढवता येईल. सोल्डर असेल तर जे आज घेतले त्यावरच चार वर्षे काढायची.

*स्टोरेज:* एसएसडीच हवी, ५१२ जीबी असेल तर उत्तम. अतिशय स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असते. ती मंद असते आणि विंडोजच्या अपडेटनेच भरून जाते. ती टाळा.

*प्रोसेसर:* इथे सर्वाधिक फसगत होते. नुसते "रायझन ५" किंवा "आय-फाइव्ह" ऐकून पैसे देऊ नका, पूर्ण आकडा वाचा. उदाहरणार्थ, एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्ही ७००० मालिकेतले, नावात एकाच आकड्याचा फरक. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना किती नवी आहे ते सांगतो. पहिल्यात २ म्हणजे झेन-२, ही २०१९ साली आलेली रचना आणि चार कोर. दुसऱ्यात ३ म्हणजे त्यापुढची झेन-३ आणि सहा कोर. किंमत जवळपास सारखी असेल तर दुसराच घ्यावा हे उघड आहे. इंटेलमध्ये आकड्याच्या शेवटी "यू" असेल तर वीज कमी खाणारा, "एच" असेल तर जास्त ताकदीचा पण जास्त तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा.

*स्क्रीन:* फुल एचडी आणि आयपीएस असल्याची खात्री करा. स्वस्त टीएन स्क्रीनवर बाजूने पाहिले की रंग उडतात. एका लॅपटॉपसमोर दोन भावंडे बसणार असतील तर हा फरक रोज जाणवेल.

*उर्दू आणि मराठी टायपिंग:* आमच्या अनेक घरांत दोन्ही भाषा लागतात. विंडोजमध्ये मराठी आणि उर्दू कीबोर्ड आतच असतात, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचे एवढेच. मात्र घरात कोणी उर्दू डीटीपीचे काम करत असेल, पत्रिका किंवा पुस्तके लावत असेल, तर त्यासाठीचे इनपेज हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालणारे आहे. मॅकबुक घेण्याआधी हे लक्षात ठेवा. इंजिनिअरिंगच्या काही सॉफ्टवेअरचेही असेच आहे, आधी कॉलेजात विचारा.

वॉरंटी: कार्डावरची बारीक अक्षरे

वॉरंटी दोन प्रकारची असते. "ऑनसाइट" म्हणजे तंत्रज्ञ घरी येतो. "कॅरी-इन" म्हणजे लॅपटॉप तुम्ही सर्व्हिस सेंटरला न्यायचा. नोकरीवरून सुट्टी काढून, लोकलच्या गर्दीत लॅपटॉप छातीशी धरून बोरिवली-अंधेरीपर्यंत दोन-तीन फेऱ्या मारणे ज्याला जमत नाही, त्याने ऑनसाइटच घ्यावी. घेण्याआधी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करून तुमचा पिनकोड सांगा, भाईंदर पूर्वेचा ४०१ १०५, मीरा रोडचा ४०१ १०७, आणि विचारा, "इथे घरी येता का? जवळचे सेंटर कुठे?" हा पाच मिनिटांचा फोन जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातो.

आणखी चार गोष्टी बघा:

१. वॉरंटीची तारीख. कधी कधी ती तुमच्या खरेदीच्या नाही, तर माल निघाल्याच्या दिवसापासून मोजलेली असते. कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकून तपासा. चूक असेल तर बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते.

२. बॅटरी. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी अनेक कंपन्या बॅटरीला एकच वर्ष देतात.

३. पडणे, फुटणे, पाणी सांडणे. साध्या वॉरंटीत हे येत नाही. त्यासाठी "ॲक्सिडेंटल डॅमेज" संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि तेही खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच. घरात लहान मुले असतील तर हा खर्च वाया जात नाही.

४. ऑफिस सॉफ्टवेअर. लॅपटॉपसोबत एमएस ऑफिस मिळाले असेल तर ते मुदतीत आपल्या खात्यावर चालू करा, नाहीतर ते हातचे जाते. मिळाले नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे, शाळा-कॉलेजच्या बहुतेक कामांना पुरते.

सौदी-दुबईहून आणलेला लॅपटॉप

"मामू दुबईहून आणतायत, तिकडे स्वस्त मिळतो," असे बरेच जण सांगतात. कस्टमच्या नियमांनुसार १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, तेव्हा आणण्यात अडचण नाही. प्रश्न वॉरंटीचा आहे. काही मॉडेलची वॉरंटी फक्त त्या देशापुरती असते, काहींची भारतात चालते, काहींची आधी ऑनलाइन ट्रान्सफर करावी लागते. मामूंना तिकडे पैसे देण्यापूर्वीच त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का हे कंपनीला विचारायला सांगा. बिल सांभाळून आणायला सांगा. तिकडच्या लॅपटॉपच्या बटणांवर बऱ्याचदा अरबी अक्षरेही असतात आणि चार्जरचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अडॅप्टर लावण्यापेक्षा भारतीय पिनची योग्य केबल बदलून घेणे चांगले.

जुना, म्हणजे रिफर्बिश्ड घ्यावा का?

बजेट कमी असेल तर हा पर्याय वाईट नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बदलतात आणि तो माल बाजारात येतो. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे आजचे नाव डॉ. भडकमकर मार्ग, अशा मालासाठी प्रसिद्ध आहे. नव्या कमजोर लॅपटॉपपेक्षा जुना मजबूत लॅपटॉप कधी कधी जास्त चालतो. पण तपासून घ्या:

– विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. सहाव्या-सातव्या पिढीचा "एकदम स्वस्त आय-सेव्हन" कोणी गळ्यात मारत असेल तर नकार द्या.
– सुरू करताना पासवर्ड मागतो का, विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या कंपनीचे नाव येते का, हे पाहा. तसे असेल तर तो लॉक झालेला आहे, पुढे कधीही अडकेल.
– विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही त्यात दिसतात. आजची निम्म्याच्या जवळ आली असेल तर नवीन बॅटरीचा खर्च धरूनच भाव करा.
– एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने दिसते.
– झाकण दहा वेळा उघडा-बंद करा, प्रत्येक बटण दाबा, कॅमेरा, वायफाय, सगळे पोर्ट तिथेच चालवून बघा.
– पक्के बिल आणि किमान तीन-सहा महिन्यांची लेखी हमी घ्या. "अपनी ही दुकान है, कधीही या" ही हमी नव्हे.

बिल, हप्ते आणि हिशोब

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ५० हजारांच्या बिलात साधारण ७,६०० रुपये कर असतो. म्हणून "बिल नको, एवढे कमी करतो" ही ऑफर येते. ती घेऊ नका. बिल नाही तर तक्रारीला आधार राहत नाही. बिलावर सिरियल नंबर छापलेला असावा आणि तो बॉक्सवरच्या नंबराशी जुळावा.

"नो-कॉस्ट ईएमआय" बद्दलही स्पष्ट सांगायला हवे, कारण आपल्यातील बरीच कुटुंबे व्याजापासून दूर राहतात. या योजनेत बँक व्याज लावतेच. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याज वेगळे दाखवलेले असते आणि त्यावर जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. व्याज २,५०० रुपये असेल तर ४५० रुपये वर, शिवाय काही बँकांची प्रोसेसिंग फी. नाव "नो-कॉस्ट" असले तरी व्यवहार कर्जाचाच आहे, हे समजून मग ज्याने त्याने निर्णय घ्यावा. रोख देणार असाल तर ईएमआयवाल्याला मिळणारी तीच सूट तुम्हीही मागा. बऱ्याचदा मिळते.

ऑनलाइन घेतला तर बॉक्स उघडताना सलग व्हिडिओ काढा. अनेक ठिकाणी लॅपटॉपवर पैसे परत मिळत नाहीत, फक्त काही दिवसांत बदलून मिळतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळे तपासून घ्या. "मुलीचे कॉलेज सुरू झाल्यावर उघडू" असे करू नका.

बिघडला आणि कोणी ऐकत नसेल तर

आमच्या ओळखीतल्या एका पालकाला वॉरंटीत असलेला लॅपटॉप "पाणी गेले आहे" असे सांगून परत पाठवला गेला होता. अशा वेळी तोंडी वाद घालू नका. जॉब शीटची प्रत मागा, नकाराचे कारण लेखी आणि फोटोसह मागा, मग कंपनीला ईमेल करा. तरी उत्तर नाही आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. अनेक प्रकरणे तिथेच मिटतात.

त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात येते, म्हणजे ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचे ऑफिस बंगळुरूला असले तरी तुम्हाला तिथे जायचे नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. मुदत दोन वर्षांची.

घेतल्यावर सांभाळणे

लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. हवा कोंडते आणि आतला पंखा धूळ ओढतो. झाकण नेहमी मधोमध धरून उचला, कोपरा धरून उचलले की बिजागर लवकर जाते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरच्या सॉकेटचे अर्थिंग तपासा आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये कोंबू नका. पावसाळ्यात सतत दमट हवा असते. लॅपटॉप महिनोन्महिने कपाटात बंद ठेवण्यापेक्षा वापरात राहिलेला बरा. दिवसभर चार्जरवर चालत असेल तर बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. घरात तीन मुले असतील तर तीन वेगळी खाती उघडा, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याकडून उडणार नाही. असाइनमेंटची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवायची सवय लावा. लॅपटॉप दुरुस्त होतो, गेलेला प्रोजेक्ट परत येत नाही.

थोडक्यात

आधी काम ठरवा, मग बजेट, मग त्या बजेटमधली मजबूत मालिका. प्रोसेसरचा पूर्ण आकडा वाचा. रॅम वाढते का विचारा. पिनकोड सांगून सर्व्हिसची खात्री करा. पक्के बिल घ्या. एवढे केले तर एचपी, डेल, लेनोवो, एसर, एसुस यांपैकी कोणतेही नाव चालेल. आणि एक विनंती. लॅपटॉप निवडताना तो ज्या मुलाला किंवा मुलीला वापरायचा आहे, तिला दुकानात सोबत न्या. कीबोर्डवर बोटे तिची चालणार आहेत. काय लागते हे बऱ्याचदा आपल्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असते.